प्रदर्शनांनंतर उरलेले प्रिंट कुणाला द्यावेत?

प्रश्नकर्त्यांनी मांडलेली अडचण थोडक्यात अशी आहे. ते नाशिकचे, बँकेतून निवृत्त झालेले आणि अनेक वर्षे हौसेने छायाचित्रण करणारे गृहस्थ आहेत. गोदाघाट, २००३ आणि २०१५ चे सिंहस्थ, नांदूरमध्यमेश्वरचे पक्षी, बागलाणातले किल्ले आणि जुन्या नाशकातले वाडे हे त्यांचे विषय. वेळोवेळी भरवलेल्या प्रदर्शनांचे सुमारे दीडशे मोठे प्रिंट त्यांच्या माळ्यावर आहेत; निम्मे काचेच्या फ्रेममध्ये, बाकीचे सनबोर्डवर (हलक्या फोमच्या फळीवर) चिकटवलेले किंवा गुंडाळून नळकांड्यात ठेवलेले. आता त्यांना लहान सदनिकेत जायचे आहे, मुलांनी दोन-चार निवडून बाकीचे नको म्हटले आहे, एका संग्रहालयाला पाठवलेल्या पत्राला उत्तर आले नाही आणि रद्दीत टाकायला मन होत नाही. ते विचारतात की हे कुणाला द्यावेत, विकावेत की भेट द्यावेत, आणि फुकट वाटले तर कामाची किंमत कमी होते का.

प्रदर्शनांसाठी प्रिंट काढून देणे आणि फ्रेम करणे हा माझा व्यवसाय आहे, आणि त्याच ओघात काही छायाचित्रकारांचे, तसेच काहींच्या पश्चात त्यांच्या कुटुंबीयांचे, साहित्य मार्गी लावण्याचे कामही माझ्याकडे येत राहिले आहे. त्या अनुभवावरून मला असे दिसते की या प्रश्नात दोनच दारे गृहीत धरली जातात, एक संग्रहालयाचे आणि दुसरे रद्दीवाल्याचे. पहिले बहुतेकांसाठी उघडत नाही आणि दुसरे उघडावेसे वाटत नाही, म्हणून गठ्ठा माळ्यावरच राहतो. खरे पाहता बहुसंख्य प्रिंटची जागा या दोहोंच्या मधे असते. ज्या माणसाला किंवा संस्थेला त्या चित्रातले काहीतरी ओळखीचे आहे, त्यांच्या भिंतीवर प्रिंट टिकतो. केवळ चित्र सुंदर आहे म्हणून घेतलेला प्रिंट पुढच्या रंगकामाच्या वेळी खाली उतरतो आणि पुन्हा वर जात नाही. त्यामुळे ‘दीडशे प्रिंट कुणाला देऊ’ असा प्रश्न न विचारता प्रत्येक प्रिंटपुरता ‘यात काय आहे आणि ते कुणाच्या ओळखीचे आहे’ असा प्रश्न विचारावा लागतो. हे वेळखाऊ आहे, पण दुसरा मार्ग मला तरी सापडलेला नाही.

काही गोष्टी मात्र परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्या तुमच्या प्रश्नातून कळत नाहीत. मूळ निगेटिव्ह किंवा डिजिटल फाइली सुरक्षित आहेत का, ही पहिली. त्या असतील तर प्रिंट ही प्रत आहे आणि मोकळ्या हाताने देता येते. नसतील तर तो प्रिंट हेच मूळ ठरते आणि तो शिल्लक या सदरात मोडतच नाही. दुसरी गोष्ट अशी की यांपैकी कुठले चित्र तुम्ही मर्यादित प्रतींचे म्हणून, क्रमांक घालून विकले होते का. तसे असेल तर त्या चित्राची क्रमांकाबाहेरची प्रत आज वाटणे हे पैसे मोजून घेणाऱ्यावर अन्याय करणारे आहे, आणि द्यायचीच झाली तर मागे ‘प्रदर्शनप्रत, विक्रीसाठी नाही’ असे लिहूनच द्यावी. तिसरी गोष्ट, कुणाकडून मोबदला घेऊन काढलेली छायाचित्रे यात आहेत का. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार, वेगळा करार नसेल तर मोबदला देऊन काढवून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला हक्कदार काढवून घेणारा असतो. अशी चित्रे आधी त्या माणसालाच विचारावीत.

आता निवडीविषयी. माळ्यावरून सगळे एकदम उतरवू नये. एका वेळी खोलीच्या फरशीवर जुनी चादर पसरून त्यावर मावतील तेवढेच घ्यावेत. खिडकीजवळ प्रिंट तिरका धरून त्याच्या पृष्ठभागावरून प्रकाश घसरू द्यावा, म्हणजे समोरून न दिसणारे दोष दिसतात. कृष्णधवल प्रिंटच्या गडद भागात, विशेषतः कडांना, आरशासारखी निळसर चकाकी आली असेल तर चांदी वर येऊ लागली आहे. सर्वत्र पिवळट-तपकिरी छटा किंवा डाग असतील तर बहुधा हायपो (डार्करूममध्ये चित्र पक्के करणारे रसायन) नीट धुतला गेलेला नाही आणि तो प्रिंट पुढेही बिघडत जाणार. जाळीसारखे किंवा ठिपक्यांचे मळकट डाग ही बुरशी असते. असा प्रिंट लगेच बाजूला काढावा, कारण तो इतरांबरोबर ठेवणे धोक्याचे आहे. कागदाचा वरचा थर खरवडल्यासारखा आणि वेडावाकडा कुरतडलेला दिसला तर ती कसर, म्हणजे कागद खाणारी कीड. फ्रेममधल्या प्रिंटच्या बाबतीत एक जास्तीची तपासणी हवी : मधे माउंट (प्रिंट आणि काच यांत अंतर ठेवणारी पुठ्ठ्याची चौकट) न घालता प्रिंट थेट काचेला टेकवलेला असेल, तर पावसाळी दमटपणात तो काचेला चिकटतो आणि तेवढ्या भागात ओले दिसणारे चकाकते ठिपके पडतात. असा प्रिंट ओढून सोडवू नये, वरचा थर काचेवरच राहतो. तो काचेसकट कुणाला चालत असेल तर द्यावा, नाही तर ती प्रत गेली असे समजावे.

डिजिटल प्रिंटची गोष्ट निराळी. सुरुवातीच्या काळात घरगुती प्रिंटरवर डाय शाईने काढलेले प्रिंट उजेडात लवकर फिके पडतात. पिगमेंट शाईने चांगल्या कॉटन कागदावर काढलेले दीर्घकाळ टिकतात. लॅबमधून रंगीत फोटोपेपरवर आलेले प्रिंट या दोहोंच्या मधे येतात. कोणता प्रिंट कशावर आहे हे घेणाऱ्याला सांगावे, म्हणजे तो उन्हाच्या भिंतीवर टांगला जाणार नाही.

या तपासणीतून जे उत्तम निघतील त्यांतला एक संच स्वतःसाठी वेगळा काढावा. माझा आग्रह असतो की प्रत्येक महत्त्वाच्या चित्राची एक लहान प्रत, आठ बाय दहा किंवा बारा बाय अठरा इंचांची, फ्रेमशिवाय आणि सपाट पेटीत ठेवावी. दोन प्रिंटच्या मधे आम्लविरहित कागद घालावा, पी.व्ही.सी.ची पाकिटे आणि डांबराच्या गोळ्या दोन्ही टाळाव्यात. मोठ्या प्रती राखण्याचा हट्ट लहान घरात परवडत नाही, आणि काम समजून घ्यायला येणाऱ्याला ती लहान पेटी अधिक उपयोगी पडते. ही पेटी बाजूला झाली की उरलेले ते खऱ्या अर्थाने शिल्लक प्रिंट.

त्यांच्यासाठी सर्वांत पहिले घर म्हणजे चित्रातल्या माणसांचे. हे सांगितल्यावर छायाचित्रकार बऱ्याचदा म्हणतात की त्यांना कुठे शोधत बसायचे. पण गावाचे नाव आठवत असेल तर माणूस सापडतो. मोबाइलवर चित्र घेऊन गावच्या चहाच्या टपरीवर बसावे. पाचव्या मिनिटाला ‘हे तर अमक्याचे आजोबा’ असे कुणीतरी म्हणतेच. जुन्नर तालुक्यातल्या एका गावात एका छायाचित्रकाराबरोबर त्यांचे असेच प्रिंट घेऊन मी गेलो होतो. त्यांचा सर्वांत गाजलेला प्रिंट म्हणजे धुक्यात मेंढ्यांमागे चाललेल्या धनगराची पाठमोरी आकृती. कुटुंबाने तो कौतुकाने पाहिला आणि बाजूला ठेवला. गठ्ठ्यातल्या दुसऱ्या एका साध्या चित्रात तोच माणूस अंगणात बाजेवर बसून समोर पाहत होता, मागे दोरीवर धुणे वाळत होते. ते मात्र घरातल्या बाईंनी पदराने पुसून घेतले. माणूस वारलेला होता आणि त्याचा चेहरा नीट दिसेल असा दुसरा फोटो घरात नव्हता. छायाचित्रकाराच्या लेखी ते फसलेले चित्र होते. तेव्हापासून निवड करताना ‘कलेच्या दृष्टीने दुय्यम’ म्हणून काढलेला गठ्ठा मी वेगळा तपासायला सांगतो, कारण ज्यांना प्रिंट द्यायचा त्यांचा निकष चेहरा सरळ आणि ओळखू येणारा असणे हा असतो, आणि तो निकष योग्यच आहे.

अशा घरी देताना आकाराचाही विचार करावा. वीस बाय तीस इंचांची काचेची फ्रेम दोन खोल्यांच्या घरात अडचण होते. बारा बाय अठराचा, साध्या लाकडी पट्टीचा आणि काचेऐवजी अॅक्रिलिक शीट लावलेला प्रिंट सोयीचा पडतो. मोठा प्रिंट असेल तर तो तुमच्याकडच्या एखाद्या संस्थेसाठी ठेवून घरच्यांना लहान प्रत काढून द्यावी. हा थोडा खर्च आहे खरा, पण पूर्वी त्यांच्या अंगणात उभे राहून आपण फुकट चित्रे काढली होती हेही लक्षात घ्यावे. घाटावरच्या आणि सिंहस्थातल्या चित्रांबाबत एक पथ्य पाळावे : स्नान करणाऱ्या स्त्रियांची, लहान मुलांची किंवा विकल अवस्थेतल्या माणसांची चित्रे, ती कितीही चांगली असली तरी, अनोळखी भिंतींवर पाठवू नयेत. प्रदर्शनात ती दहा दिवस असतात आणि सोबत तुम्ही असता. एखाद्या हॉटेलच्या स्वागतकक्षात ती वर्षानुवर्षे राहतात आणि खुलासा करायला कुणी नसते.

दुसरे घर स्थळाशी नाते असलेल्यांचे. नाशिकच्या बाबतीत तुम्ही भाग्यवान आहात, कारण तुमचे विषय मोजक्या ठिकाणांभोवती आहेत. पाडल्या गेलेल्या वाड्यांची आणि पुरात गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीपर्यंत चढलेल्या पाण्याची चित्रे ही आज स्थानिक इतिहासाची साधने झाली आहेत. नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० पासूनचे आहे. अशा जुन्या वाचनालयांना आपल्या गावाच्या चित्रांचे अगत्य वाटण्याची शक्यता कुठल्याही कलादालनापेक्षा अधिक असते. मात्र तिथे जाताना पंचवीस प्रिंट घेऊन जाऊ नये. पाच निवडावेत, प्रत्येकासोबत ‘अमुक वाडा, अमुक गल्ली, अमुक साल, आज तिथे काय आहे’ अशी चार ओळींची नोंद द्यावी, आणि ती नोंद चित्राइतकीच मोलाची आहे असे समजून लिहावी. वाड्याचे नाव नसलेला वाड्याचा प्रिंट ग्रंथपालाच्या उपयोगाचा नसतो.

पक्ष्यांच्या चित्रांसाठी नांदूरमध्यमेश्वरला वनविभागाचे माहिती केंद्र आहे. हे रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत, आलेले महाराष्ट्रातले पहिले पाणथळ ठिकाण असल्यामुळे तिथे शाळांच्या सहली येतात. परंतु सरकारी जागेत प्रिंट द्यायचा तर अधिकाऱ्याच्या तोंडी होकारावर थांबू नये, कारण बदली झाली की तो होकारही जातो. माझा कल अशा ठिकाणी तिथल्या स्थानिक गाइडना आणि खाणावळ चालवणाऱ्यांना देण्याकडे असतो. पर्यटकाला ‘हा पक्षी इथे हिवाळ्यात दिसतो’ असे बोट दाखवून सांगण्यासाठी त्यांना चित्र हवेच असते आणि ते त्याची निगाही राखतात. प्रिंटखाली मराठी नाव आणि दिसण्याचा हंगाम ठळक अक्षरांत लावून दिला तर आणखी चांगले. किल्ल्यांचेही तसेच. २०२५ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत समाविष्ट झालेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांत साल्हेर आहे, त्यामुळे पायथ्याच्या वस्त्यांमधल्या घरगुती मुक्कामाच्या सोयी करणाऱ्यांना त्या किल्ल्याचा मोठा प्रिंट आज निश्चितच हवासा वाटेल.

शाळांविषयी थोडे सावधपणे सांगतो. मुख्याध्यापक नको म्हणत नाहीत, पण भेट आलेली वस्तू डेडस्टॉक नोंदवहीत, म्हणजे शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या यादीत, चढते, आणि एकदा चढली की मोडली, फुटली तरी निर्लेखनाची, म्हणजे नोंदीतून कमी करण्याची, कार्यवाही झाल्याशिवाय ती काढता येत नाही. म्हणून काही शाळा अशा वस्तू टांगण्याऐवजी कपाटात जपून ठेवतात, म्हणजे तुमचा माळा सुटला आणि शाळेचे कपाट अडले. शाळेला द्यायचेच असेल तर काचेविना, सनबोर्डवरचे, हाताळले तरी चालतील असे प्रिंट द्यावेत, आणि भूगोल किंवा परिसर अभ्यासाच्या शिक्षकाशी आधी बोलावे. मागणी त्याच्याकडून गेली तर ते वर्गात दिसतात.

तिसरे घर दवाखाने, वकिलांची कार्यालये, लहान हॉटेले आणि वास्तुरचनाकारांचे. इथे विषयाशी नाते पातळ असते, म्हणून निवड त्यांनाच करू द्यावी. सगळ्या प्रिंटची लहान चित्रे क्रमांक घालून एका पीडीएफमध्ये घालावीत, आकार आणि फ्रेम आहे की नाही ते प्रत्येकाखाली लिहावे, आणि ‘यांतले कुठलेही दोन’ असे सांगावे. माणूस स्वतः निवडतो तेव्हा तो टांगतोही. गठ्ठा घेऊन दारात उभे राहिलो तर संकोचाने सगळे घेतले जाते आणि पुढच्या महिन्यात जिन्याखाली सापडते.

इथवरचा क्रम पुन्हा सांगायचा तर आधी मूळ सुरक्षित आहे का ते पाहणे, मग दोष तपासणे, स्वतःची पेटी काढणे, आणि त्यानंतर चित्रातली माणसे, चित्रातली स्थळे आणि शेवटी बाकीच्या भिंती.

विक्रीविषयी विशेष सांगण्यासारखे नाही. नावाजलेल्या मोजक्या छायाचित्रकारांचा अपवाद सोडला तर आपल्याकडे वापरलेल्या प्रदर्शनप्रतींना बाजार नाही. मी सुचवतो ते असे की प्रिंट भेट द्यावा आणि फ्रेमचा खर्च घ्यावा. घेणाऱ्याने थोडे तरी पैसे दिले की तो जपतो, आणि ज्यांनी पूर्वी तुमचे प्रिंट पूर्ण किमतीला घेतले त्यांच्यापुढेही तुमची पंचाईत होत नाही. फुकट दिल्याने किंमत उतरते ही भीती मला खरी वाटत नाही. किंमत उतरते ती स्वस्तात विकल्याने, कारण त्यातून एक आकडा तयार होतो आणि तो लोकांच्या लक्षात राहतो.

संग्रहालयाने उत्तर दिले नाही याचे वाईट वाटून घेऊ नये. दिल्लीची अल्काझी फाउंडेशन किंवा बंगळुरूचे म्युझियम ऑफ आर्ट अँड फोटोग्राफी यांसारख्या संस्था छायाचित्रे गांभीर्याने जमवतात, पण साधारणपणे अशा संस्थांना सुटे मोठे प्रिंट नको असतात. त्यांना एका माणसाचे संपूर्ण काम, निगेटिव्ह, नोंदवह्या आणि पत्रव्यवहारासह हवे असते. भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला यांनी आपला संग्रह अल्काझी फाउंडेशनकडे दिला, तो त्यांच्या साऱ्या कारकिर्दीचा ऐवज होता. मोठ्या आकाराचा फ्रेम केलेला प्रिंट संग्रहालयाच्या दृष्टीने जागा आणि वातानुकूलनाचा कायमचा खर्च असतो. तुमच्या सिंहस्थाच्या कामात दोन पर्वांचा सलग आलेख असेल तर तेवढ्याच विषयाची यादी, वीस लहान चित्रे आणि एक पानभर टिपण असे पुन्हा पाठवून पाहावे, आणि प्रिंटऐवजी निगेटिव्ह व फाइलींचा उल्लेख आधी करावा. न विचारता प्रिंट कुरियरने मात्र पाठवू नयेत.

देताना एक साधे पत्र करावे. जंगम वस्तूची भेट प्रत्यक्ष ताबा दिल्यानेही पूर्ण होते, त्यासाठी नोंदणीकृत दस्त लागत नाही. पण पत्रात दोन गोष्टी स्पष्ट असाव्यात. पहिली, प्रिंट दिला म्हणजे कॉपीराइट दिला असे होत नाही. तो लेखी हस्तांतर केल्याशिवाय तुमच्याकडेच राहतो, आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर छायाचित्रांचा कॉपीराइटही निर्मात्याच्या हयातीनंतर साठ वर्षे टिकतो. म्हणजे तुमच्या वारसांनाही हे माहीत असायला हवे. संस्थेला प्रिंट टांगता यावा, तिच्या अहवालात छापता यावा, पण जाहिरातीसाठी किंवा दिनदर्शिकेसाठी वापरायचा तर विचारावे, एवढे लिहिले की पुरे. दुसरी, त्यांना पुढे नको झाला तर तो परत मागण्याचा आग्रह तुम्ही धरणार नाही आणि तो त्यांनी पुढे कुणालाही द्यावा. ही ओळ असली की संस्था निर्धास्तपणे घेतात.

प्रिंटच्या मागे नाव, स्थळ, साल आणि ‘प्रदर्शनप्रत’ एवढे अवश्य असावे. फायबर कागदावर, म्हणजे प्लास्टिकचा थर नसलेल्या फोटोकागदावर, मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने, कडेच्या रिकाम्या भागामागे लिहावे. आर.सी. (रेझिन कोटेड, म्हणजे प्लास्टिकचा थर दिलेल्या) कागदाच्या पाठीवर पेन्सिल उमटत नाही, त्यामुळे तिथे मजकूर कागदावर लिहून तो फ्रेमच्या मागच्या बोर्डावर लावावा. बॉलपेन कुठेही वापरू नये. त्याचा दाब पुढून उठून दिसतो.

हे काम पावसाळ्यात काढू नये. दमट हवेत फ्रेम उघडल्या तर आतला ओलावा तसाच बंद होतो आणि बुरशीला निमंत्रण मिळते. दसऱ्यानंतर हवा कोरडी झाली की सुरुवात करावी आणि फाल्गुनापर्यंत जेवढे होईल तेवढे करावे.

एवढे करूनही काही प्रिंट उरतीलच : रंग चुकलेल्या चाचणीप्रती, बुरशी लागलेले, काचेला चिकटलेले. ते नष्ट करण्यात काही गैर नाही, फक्त अखंड स्वरूपात रद्दीत देऊ नयेत, कारण जुन्या बाजारात तुमची सही असलेला फिका पडलेला प्रिंट विकायला बसलेला दिसणे कुणालाच आवडत नाही आणि चित्रातल्या माणसांनाही ते रुचणार नाही. चेहऱ्यामधून जाईल असे दोन-तीनदा फाडावेत किंवा कापावेत. जाळू नयेत, आर.सी. कागदात आणि सनबोर्डमध्ये प्लास्टिक असते. त्याच कारणाने हे कागद साध्या रद्दीबरोबर पुनर्वापरालाही जात नाहीत, सुक्या कचऱ्यात वेगळे द्यावे लागतात. फ्रेमच्या लाकडी पट्ट्या तुमचा फ्रेमवाला आनंदाने परत घेईल. काचा मात्र वर्तमानपत्रात गुंडाळून, वर ‘काच’ असे लिहून, घंटागाडीवाल्याच्या हाती सांगून द्याव्यात.